पाण्यापर्यंतची वाट

"हे टोक घट्ट धर," अर्जवाले म्हणाले आणि मोजपट्टीचं पत्र्याचं टोक त्यांनी सिस्टरच्या हातात दिलं.

सिस्टरनी ते धरलं. त्यांची चाकांची खुर्ची लाकडी वाटेच्या शेवटच्या फळीवर उभी होती. शेवटची म्हणायची ती आता शेवटची. त्यापुढच्या फळ्या कधीतरी वादळाने उपटून नेल्या होत्या आणि खाली नुसते खुंट उरले होते, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखे. खुंटांपुढे वाळूचा उतार, उतारावर दगडांची रांग, दगडांमागे झुडपं, आणि झुडपांच्या पलीकडे समुद्र. तो दिसत नव्हता. फक्त ऐकू येत होता, शेजारच्या खोलीत कुणीतरी कूस बदलावी तसा.

अर्जवाले गुडघे टेकत, खुंटांना धरत, पट्टी ओढत खाली गेले. पट्टी संपली तिथे त्यांनी चपलेने वाळूवर रेघ मारली, फोटो काढला आणि धापा टाकत वर आले.

"जाहिरातीत काय लिहिलंय? 'चाकाच्या खुर्चीवरील पाहुण्यांसाठी थेट पाण्यापर्यंत लाकडी वाट.' थेट. आता थेट या शब्दाचा अर्थ काय होतो, तूच सांग."

"अहो, आधी बसा. छाती बघा कशी वरखाली होतेय."

"बसतो. पण यांना सोडत नाही."

त्यांच्या गल्लीत त्यांना अर्जवालेच म्हणत. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात उमेदीची वर्षं गेलेली; दुसऱ्याची चूक टिपून घेणं हाच पोटाचा धंदा, आणि निवृत्त झाल्यावरही तो हाताला चिकटून राहिलेला. रस्त्यावरचा दिवा गेला, कर अर्ज. गटाराचं झाकण हललं, कर अर्ज. शेजाऱ्यांचा कोंबडा वेळेआधी आरवतो म्हणून एकदा अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. सिस्टरनी पेन लपवलं म्हणून तो कोंबडा वाचला.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी केली. अर्जवाले तरुणपणी मीटरच्या खड्ड्यात पडून मनगट मोडून तिथे आले, प्लास्टर घालून घेऊन गेले, आणि टाके पडलेले नसतानाही टाके काढायला पुन्हा पुन्हा येत राहिले. सगळे म्हणायचे म्हणून तेही सिस्टर म्हणायला लागले. लग्नाच्या दिवशी त्यांच्या आत्याने बजावलं, "अरे, बायकोला सिस्टर म्हणणारा जगात तू एकटाच असशील. आता तरी सोड." ते काही सुटलं नाही. आत्या गेली, नोकऱ्या संपल्या, मुलगा संसाराला लागून लांब राहायला गेला, आणि सिस्टर मात्र सिस्टरच राहिल्या.

मग त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. गाठ काढली, जीव राहिला, पाय गेले.

त्याआधी कितीतरी वर्षं समुद्रावर जायचं ठरत होतं. सिस्टरचं माहेर पाण्याच्या काठचं. वडील खाडीवर माणसं ने-आण करणारी होडी चालवायचे आणि तिकिटाच्या खिडकीमागची खोली हेच त्यांचं घर होतं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं, धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, आणि वडील परत येईपर्यंत कुणी कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही. होडी दिसण्याआधी पायांना कळायची. पाण्याचा हेलकावा बदलायचा, पोटरीवर येऊन बारीक थापट्या मारायचा. "बाबा आले," असं त्या आईला सांगायच्या तेव्हा समोर नुसतं पाणी असायचं. आई म्हणायची, "कुठे दिसतायत तुला?" आणि थोड्या वेळाने वळणावरून होडीचं नाक बाहेर यायचं.

लग्न होऊन त्या आल्या ते गाव समुद्रापासून लांब, चहूकडून कोरडं. पुढच्या वर्षी जाऊ, असं दर वर्षी ठरायचं. एका वर्षी सासूबाई आजारी, एका वर्षी मुलाची परीक्षा, एका वर्षी वॉर्डात माणसंच कमी. वडील गेले, धक्का मोडून तिथे पूल झाला. तरी सिस्टर म्हणायच्या, निवृत्त झालं की जाऊ, आता काय राहिलंय. आणि निवृत्तीच्या तोंडावर पाठ दुखायला लागली.

हे घर अर्जवाल्यांनी शोधून काढलं होतं. कित्येक आठवडे ते फोन नाकाला लावून बसायचे. मग एका संध्याकाळी फोन त्यांनी सिस्टरच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. चित्रात पांढरं बैठं घर होतं आणि त्याच्या दारातून निघालेली फळ्यांची वाट सरळ पाण्यात उतरली होती. सिस्टर पुष्कळ वेळ बघत राहिल्या. "खरंच असेल असं?" त्यांनी विचारलं होतं. "लेखी आहे," अर्जवाले म्हणाले होते. त्यांच्या लेखी लेखी असणं म्हणजे असणंच.

घर चित्रातल्यासारखंच निघालं. भिंती पांढऱ्या, खिडक्या मोठ्या, न्हाणीघरात धरायला दांडे. वाटेची मात्र अशी गत.

घराची राखण आणि देखभाल करायला एक बाई होत्या. बुटक्या, सावळ्या, बोलता बोलता हातातलं काम उरकणाऱ्या. किल्ली देताना त्यांनी आधीच सांगून टाकलं, "वाट मोडलीय हो. मालकांना मी दोनदा कळवलं. ते परदेशात असतात. म्हणतात, बघू. जाहिरात घर भाड्याने देणारी कंपनी टाकते, मला त्यातलं काही समजत नाही."

"तुमचा काही दोष नाही," अर्जवाले म्हणाले. "दोष कुणाचा ते मी शोधून काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कामाला लागले. घरात फोन लागत नव्हता. चढण चढून मोठ्या रस्त्यावर गेलं, बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्यावर उभं राहिलं आणि मान जराशी डावीकडे कलती ठेवली, तर आवाज यायचा. ते छत्री, पाण्याची बाटली आणि चष्मा घेऊन निघाले, ते जेवायच्या वेळेला घामाघूम होऊन परतले.

"झालं का बोलणं?" सिस्टरनी विचारलं.

"झालं. आधी गाणं ऐकवलं. मग एक मुलगी आली. आवाज गोड, पण खडीसाखरेसारखी, फुटता फुटेना. म्हणते, दुसरं घर नाही, या दिवसांत सगळी भरलेली आहेत. मी म्हटलं, भरपाई द्या. तर म्हणते, उद्या दुपारी आमचा माणूस पाहणीला येईल. त्याने लिहून दिलं, की जाहिरातीतली सोय तुम्हाला मिळालीच नाही, तर भरपाईचा विचार होईल."

"बरं झालं."

"बरं कसलं. चांगली पुरी भरपाई वसूल करतो की नाही बघ. वर माफीनामा."

राखणदारबाई तेव्हा ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. त्यांनी वळून सिस्टरकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला समुद्र बघायचाय का?"

"बघायचा नाही तितका," सिस्टर म्हणाल्या. "पाय घालायचेत."

"मग त्यात काय एवढं. माझ्या दोन जावा आहेत. रोज मासळीच्या टोपल्या उचलून उतार चढतात. जेवणाच्या टेबलाची ही खुर्ची घ्यायची, तुम्हाला बसवायचं, तिघींनी उचलायचं. उद्या सकाळी ओहोटी आहे, वाळू घट्ट असते."

सिस्टरनी नवऱ्याकडे पाहिलं. अर्जवाल्यांनी घास खाली ठेवला होता.

"नको," ते म्हणाले.

"का हो?"

"अगं, उद्या दुपारी तो माणूस येणार. एकदा तू पाण्यात गेलीस, की तो काय म्हणेल? पोहोचलात ना? मग तक्रार कसली? सगळंच मुसळ केरात."

"पण मला पोहोचायचंच आहे ना."

"मी पोहोचवणार ना तुला. रीतसर पोहोचवणार. असं परक्यांच्या खांद्यावरून, सामानासारखं नाही." मग राखणदारबाईंकडे वळून ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही राग मानू नका. तुमचं मन चांगलं आहे. पण घसरून कुणी पडलं तर?"

बाईंनी मान हलवली आणि पुसलेलं भांडं पुन्हा पुसायला घेतलं.

त्या दुपारी अर्जवाल्यांनी सिस्टरना पलंगावर घेतलं. आता ते उचलत नसत. फळी लावायची, चादर ओढायची, थोडं सिस्टरनी सरकायचं, थोडं त्यांनी सरकवायचं. पहिल्या वर्षी ते त्यांना एका दमात उचलायचे आणि वर म्हणायचे, "पाण्याची टाकी याहून जड असते." मग त्यांच्याच छातीवर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पिशवीसुद्धा उचलायची नाही. त्या दिवसापासून त्यांचे अर्ज वाढले. सिस्टरच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. माणसाला उचलता येईना, की तो भांडतो. चादर ओढून झाल्यावर ते दम घ्यायला पलंगाच्या काठावर बसले आणि सिस्टर छताकडे बघत समुद्र ऐकत होत्या. या घरात येऊन अर्जवाले स्वतःही अजून पाण्यावर गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि अर्जवाले छत्री घेऊन निघाले. पाहणीचा माणूस नक्की येतोय ना, याची खात्री करायची होती. दारात ते थांबले. "दुपारी तो आला की तू काही बोलू नकोस. मी बोलतो."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

त्यांची छत्री चढणीच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा राखणदारबाई अंगण झाडत होत्या. सिस्टरनी खुर्ची दाराशी आणली.

"बाई," त्या म्हणाल्या, "जावा घरी आहेत का तुमच्या?"

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. चढणीकडे एकदा पाहिलं. "आणि साहेब?"

"साहेबांचं मी बघते. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

दोघी जावा आल्या. थोरली हाडापेराने रुंद, न बोलणारी. धाकटी सारखी हसणारी. त्यांनी टेबलाची खुर्ची आणली, सिस्टरना कमरेला धरून असं अलगद बसवलं, की वॉर्डातल्या मदतनिसांना दाखवावं. एक ओढणी छातीवरून आणि एक मांड्यांवरून बांधली. "धरा आम्हाला, लाजू नका," धाकटी म्हणाली. "ताई, तुम्ही टोपलीपेक्षा हलक्या. टोपलीला निदान वास तरी असतो, त्याने रस्ता कळतो." राखणदारबाई पुढून, जावा दोन्ही बाजूंनी, अशी ती वरात फळ्यांवरून निघाली, खुंटांपाशी उतरली, दगडांमधून वाट काढत गेली. झुडपांच्या फांद्या सिस्टरच्या तोंडाला लागल्या. आणि मग एकदम काहीच लागेनासं झालं. समोर समुद्र होता.

तो आठवणीतल्यापेक्षा मोठा होता आणि आठवणीतल्यापेक्षा साधा. कुणीही न बघता इतकी वर्षं चाललेलं असावं, तसं त्याचं काम चाललं होतं.

बायकांनी खुर्ची उथळ पाण्यात ठेवली. तिचे पाय वाळूत जरा रुतले. थोरली मागे टेकू देऊन उभी राहिली. राखणदारबाईंनी सिस्टरचे पायमोजे काढले, कपडा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पावलं उचलून पाण्यात सोडली.

एक गोष्ट सिस्टरनी कुणालाही सांगितली नव्हती. पायांना काही कळत नाही, हे त्यांना माहीत होतं. वॉर्डात किती रोग्यांच्या पायांना त्यांनी स्वतः टाचणी लावून विचारलं होतं, कळतंय का, आता कळतंय का. त्यांच्याच पायांना डॉक्टरांनी टाचणी लावली तेव्हा विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली होती. गरम पाणी कळत नव्हतं, बर्फ कळत नव्हता. शहाण्या होत्या, सगळं समजत होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात शाळेतली मुलगी बसून होती, आणि ती म्हणत होती, टाचणीचं वेगळं, बर्फाचं वेगळं. समुद्र कळेल.

लाट आली. फेस घोट्यांवर चढला, पोटऱ्यांना वळसा घालून मागे गेला. सिस्टरनी डोळे मिटून घेतले होते. त्या थांबल्या. दुसरी आली, ती आवाजावरून कळली. मग तिसरी. डोळे उघडून त्यांनी खाली पाहिलं. हिरवट पाण्यात दोन पांढरी पावलं होती आणि त्यांच्यावरून लाट जात होती. पावलं कुणाचीही असू शकली असती.

"गार आहे ना, ताई?" राखणदारबाईंनी विचारलं.

"हं," सिस्टर म्हणाल्या.

धाकटी जाऊ एवढा वेळ हसत होती, ती त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प झाली. तिने वाकून ओंजळ भरली आणि सिस्टरच्या हातांवर ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पाणी मनगटापर्यंत गेलं, ते गार होतं, खारट वासाचं होतं. सिस्टरनी ओले हात तोंडावरून फिरवले आणि तसेच तोंडावर धरून ठेवले. तिघी बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. कुणाला घाई नव्हती.

परत आल्यावर राखणदारबाईंनी पाय पुसून दिले, पायमोजे चढवले. दुमडलेला कपडा वाळला. अर्जवाले जेवायच्या वेळेला आले तेव्हा सिस्टर खिडकीपाशी होत्या.

"येतोय तो," अर्जवाले खुशीत म्हणाले. "आता बघच."

कंपनीचा माणूस दुपार कलताना मोटरसायकलवरून आला. तिशीचा असेल, डोळ्यांखाली काळं, दिवसभर अशाच पाहण्या करून दमलेला. त्याने पाणी मागितलं, पायातले बूट दारात काढले, म्हणून सिस्टरना तो बरा वाटला. अर्जवाल्यांनी त्याला वाट दाखवली, खुंट दाखवले, पट्टीचे फोटो दाखवले. माणूस हं हं करत गेला.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे, काका," घरात आल्यावर तो म्हणाला. "वाट मोडलीय, यात वादच नाही. आता मला एकच विचारायचंय, नियम आहे म्हणून. मुक्कामात ताई पाण्यापर्यंत गेल्या का?"

"कशी जाणार?" अर्जवाल्यांचा आवाज चढला. "तीन दिवस ही बाई त्या खिडकीत बसून आहे. तिच्या पायाला पाण्याचा थेंब लागलेला नाही. काठावर येऊन माणूस कोरडा राहिला, याची काय किंमत करता तुम्ही? हेच लिहा. असंच्या असं लिहा."

माणसाने लिहायला घेतलं. न्हाणीघराच्या दाराशी राखणदारबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले होते.

सिस्टरनी ते पाहिलं. गप्प राहणं सोपं होतं. नवऱ्याने गप्पच राहायला सांगितलं होतं, आणि दया दाखवावी असं कंपनीने काही केलेलं नव्हतं. पण त्या माणसाचं पेन कागदावर सरकत होतं आणि सिस्टरना वाटलं, तो ती सकाळच खोडतोय. खुर्ची, जावा, ती ओंजळ, सगळं. आधीच तिथून हाताशी थोडं आलं होतं. तेवढंही झालं नाही असं कसं म्हणायचं.

"मी गेले होते," त्या म्हणाल्या.

पेन थांबलं. अर्जवाले वळले.

"ताई, नीट आठवून सांगा," माणूस हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आडून दिलेली सवलत होती. "पाण्यापर्यंत गेलात, की नुसत्या वाटेच्या टोकापर्यंत?"

"पाण्यात. आज सकाळी."

"कुणी नेलं?"

न्हाणीघराच्या दाराशी चादर खाली घसरली.

"माझ्या बहिणींनी," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टरना सख्खी, चुलत, कसलीच बहीण नव्हती, हे अर्जवाल्यांइतकं कुणाला माहीत होतं. ते बायकोकडे बघत उभे राहिले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते सिस्टरना वाचता आलं नाही; राग असता तर त्यांनी ओळखला असता. मग अर्जवाल्यांनी घसा साफ केला.

"हो," ते त्या माणसाला म्हणाले. "हिला बहिणी पुष्कळ आहेत."

"मग मला तसं लिहावं लागेल, काका. पाहुणे पाण्यापर्यंत पोहोचले, असं."

"लिहा. पण कशा पोहोचल्या तेही लिहा. माणसांनी उचलून नेलं. तुमच्या फळीने नाही."

"त्याला रकाना नाही," माणूस म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही. सही घेऊन, बूट घालून तो गेला.

पुढे व्हायचं तेच झालं. भरपाई मिळाली नाही. कंपनीने दिलगिरीचे दोन शब्द पाठवले आणि पुन्हा त्याच घरात यायचं असेल तर सवलत देऊ केली. आणि काही महिन्यांनी अर्जवाल्यांनी फोनवर सहज ती जाहिरात उघडली, तर वाटेचं चित्र काढून टाकलेलं. खाली लिहिलं होतं, 'समुद्र जवळ.' खुर्चीवरच्या पाहुण्यांबद्दल आता एक अक्षरही नव्हतं. "खोटं तरी काढायला लावलं," ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी फोन पालथा ठेवला.

त्या दिवशी माणूस गेल्यावर मात्र ते बराच वेळ टेबलापाशी बसून राहिले. मोजपट्टी बाहेर ओढायची, सोडून द्यायची. ती सुर्रकन आत जायची. राखणदारबाई केव्हा निघून गेल्या ते कळलं नाही.

"मला सांगायचंस तरी," शेवटी ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

त्यांनी विचार केला. "नसतं."

"मग."

"मला न्यायचं होतं तुला, सिस्टर. मी नेणार होतो. गेलं वर्षभर दुसरं काही डोक्यात नव्हतं. फळ्यांवरून खुर्ची ढकलत न्यायची, तेवढं मला जमलं असतं."

"माहीत आहे मला."

पट्टी पुन्हा आत गेली. मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "कसं होतं पाणी?"

सिस्टरना गार म्हणता आलं असतं. सकाळी त्या तसंच म्हणाल्या होत्या. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पायांना कळलं नाही हो. मला वाटलं होतं कळेल."

अर्जवाल्यांनी मान वर केली. ते काहीतरी बोलतील, कुणाला तरी दोष देतील, असं सिस्टरना वाटलं. या गोष्टीचा अर्ज कुणाकडे करायचा, ते त्यांना सुचलं नसावं. ते उठले, छत्री न घेता, चष्मा टेबलावर तसाच ठेवून दाराबाहेर पडले. चढणीकडे नाही, दुसरीकडे. फळ्यांवर त्यांची पावलं वाजत गेली आणि मग वाजायची थांबली.

सिस्टर वाट बघत बसल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. रागावून गेलेत का, छाती भरून आली तर काय, दगडांत पाय घसरला तर कुणाला हाक मारायची, असं मनात येत राहिलं. खुर्ची त्यांनी दारापर्यंत नेली. फळ्यांवर पावलं पुन्हा वाजली तेव्हा उजेड पिवळा झाला होता.

अर्जवाले अनवाणी आले. चपला हातात होत्या, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजून अंगाला चिकटला होता. बुटकं स्टूल ओढून त्यांनी सिस्टरच्या समोर ठेवलं, त्यावर बसले आणि आपला एक पाय उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

सिस्टरनी पावलाला हात लावला. ते गारठलेलं होतं. बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. त्यांनी मांडीवरचा टॉवेल घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने टाचेपासून पुसायला सुरुवात केली.

"पुसू नकोस एवढ्यात," अर्जवाले म्हणाले. "आधी ऐक. नाहीतर विसरेन मी. मला काही असं सांगता येत नाही."

टॉवेल थांबला.

"आधी गार लागतं. एकदम नाही. आधी बोटांना, मग घोट्याला आल्यावर चटकाच बसतो, आपण पाय काढून घ्यावा असं वाटतं. मग त्याचं काही वाटेनासं होतं." त्यांनी आठवायला डोळे बारीक केले. "मग लाट मागे जायला लागते ना, तेव्हा पायाखालची वाळू सरकते. टाचेखालून पहिली. कुणीतरी बारीक बारीक ओढून घेतंय असं. आपण उभे असतो तिथेच, पण वाटतं, चाललो."

"हो," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी ते ओलं पाऊल धरून ठेवलं होतं.

"पाय रुततात जरासे. फेस राहतो, तो बोटांमध्ये फुटतो, गुदगुल्या झाल्यासारखं. मग थोडा वेळ काहीच नसतं."

"मग?"

"मग परत येते," अर्जवाले म्हणाले, आणि पुढची लाट सांगू लागले.